चौथ्या गाण्यातलं फावडं

आपला जावई नेमकं काय करतो, हे मितो गावच्या सासूबाईंना लेकीच्या लग्नाला वीस वर्षं झाली तरी कळलेलं नव्हतं. परदेशी गाण्यांच्या सीडीच्या डबीत घडी घातलेला एक कागद असतो, तो हे लिहितात, असं काझुएने आईला समजावलं होतं. "म्हणजे औषधाच्या खोक्यात असतो तसा?" सासूबाईंनी विचारलं. "तसाच," काझुए म्हणाली, "फक्त हा न वाचता डबी उघडली तरी जिवाला काही होत नाही."

जावयाचं नाव तेरुओ इसोगाई. वय सेहेचाळीस. तोक्योच्या कडेला कोकुबुंजीला एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि स्वयंपाकघरातलं टेबल हेच त्याचं ऑफिस. डोक्यात काही सुचत असेल तर ते थंडीने पळून जाऊ नये म्हणून तो लिहिताना लोकरीची टोपी घालायचा, असं तो स्वतः सांगायचा. काझुएच्या मते ती टक्कल झाकायला होती. आजवर त्याने चारशेच्या वर कागद लिहिले होते. शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात त्याचं नाव असायचं आणि ते वाचायला भिंग लागायचं.

पण त्याला कमी लेखू नका. गिटारवाल्या पोरांची ती गाणी विकत घेणारी मुलं दुकानातून बाहेर पडली की आधी तो कागद काढायची, त्याचा वास घ्यायची आणि घरी पोचेपर्यंत तो दोनदा वाचून काढायची. गाणं नंतर. म्हणजे गाणारा तोंड उघडायच्या आधीच ऐकणाऱ्याचे कान इसोगाईने पिळून ठेवलेले असायचे. ही सत्ता मोठी होती आणि इसोगाईला ती ठाऊक होती, पण तसं तो कुणाला दाखवत नसे.

आता या धंद्यातली एक गोष्ट चारचौघांत बोलायची नसते, ती अशी. चारशेपैकी साठेक कागद इसोगाईने गाणी न ऐकताच लिहिले होते. त्यात त्याचा दोष नव्हता. अमेरिकेहून येणारी तीच सीडी दुकानात स्वस्त मिळायची, तेव्हा लोकांनी जपानी छापाची घ्यावी म्हणून कंपन्या ती जगाच्या आठ दिवस आधी बाजारात आणत, वर दोन जादा गाणी आणि हा कागद. त्यातून ती वर्षं अशी, की अल्बम आधी कुणाच्या हाती लागला तर तो रातोरात इंटरनेटवर जगभर फुकट वाटला जायचा. म्हणून अमेरिकेतले लोक गाणी शेवटच्या घटकेपर्यंत तिजोरीत ठेवत. इकडे छापखाना मात्र थांबत नसे. मग इसोगाई तीन पानं बँडचा इतिहास लिहायचा आणि शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकायचा, 'या वेळी त्यांचा आवाज अधिक खोल गेला आहे.' खोली मोजायला कोण जातंय?

२००३ च्या फेब्रुवारीत 'नॉर्थ पँट्री' नावाच्या बँडच्या तिसऱ्या अल्बमचं काम आलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा बर्फाळ गावातली चार पोरं. इसोगाईच्या हाती आली ती गाण्यांची नावं, त्यांची मिनिटं आणि मुखपृष्ठावरच्या जिन्याचा फोटो. त्याने रीतीप्रमाणे आवाज खोल नेऊन कागद पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतल्या ओनोदेराबाईंचा फोन आला. एकोणतीस वर्षांची ही मुलगी त्याला एरवी नुसतं 'इसोगाईसान' म्हणायची. गळ्याशी आलं की 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी.

"सेन्सेई," ती म्हणाली, आणि इसोगाईने खुर्ची ओढून घेतली. "शेवटच्या पानावर खाली पांढरं दिसतंय. दोनशे अक्षरं आणखी हवीत, बारापर्यंत."

"ओनोदेरासान, गाणी न ऐकता मी आणखी किती खोल जाऊ?"

"कुठेही जा. बाराच्या आत वर या म्हणजे झालं."

तोक्योत बर्फ पडायचा तो वर्षातून एकदा, आणि तो नेमका त्या दिवशी पडला होता. खाली शेजारचे म्हातारे हातानोसान फावड्याने रस्ता साफ करत होते. खर्र, मग थांबा, मग खर्र. इसोगाईने आधी त्यांना मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, मग खिडकीतून जरा वेळ पाहिलं, आणि मग लिहायला घेतलं. 'चौथ्या गाण्यात दोन मिनिटं दहा सेकंदांनी जो आवाज येतो तो वाद्याचा नाही. गायकाचे वडील बाहेर अंगणातला बर्फ काढत आहेत. लोखंडी फावडं सिमेंटवर घासतंय. खिडकी बंद करायला कुणी उठलं नाही.' बरोब्बर दोनशे अक्षरांत बसवलं. इतकी लोणकढी थाप त्याने जन्मात मारली नव्हती, आणि खरं सांगायचं तर लिहिताना त्याला फार मजा आली.

मार्चअखेर अल्बम दुकानांत गेला आणि इसोगाईची प्रत कुरिअरने घरी आली. त्याने सरळ चौथं गाणं लावलं. एक पियानो आणि एक आवाज. बाकी इतकी शांतता की गाणाऱ्याच्या बुडाखालचं स्टूल करकरलेलं ऐकू यावं. फावडं सोडा, चमचासुद्धा वाजला नव्हता. इसोगाईची पाचावर धारण बसली. त्याने ओनोदेराबाईंना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

 मग ओनोदेराबाई हळूच म्हणाल्या, "पण मला तर ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

"फावडं. मला वाटलं तुम्हाला अमेरिकेतून कुणी कळवलं असेल." मग घाईघाईने, "इसोगाईसान, हा फोन आलाच नव्हता. ठेवते."

त्याच आठवड्यात तो शिंजुकूच्या एका दुकानात तोंड लपवून गेला. तिथली पोरं आवडत्या सीडीखाली हाताने लिहिलेली कार्डं लावतात. नॉर्थ पँट्रीच्या ढिगाखाली गुलाबी कार्ड होतं, 'चौथं गाणं! फावडं! मी दुकानातच रडले.' पुढे सीडीतली अभिप्रायाची छापील पोस्टकार्डं कंपनीकडे भरून यायला लागली, ओनोदेराबाईंनी त्यांचं एक पुडकंच पाठवलं. एकतीस जणांनी फावड्याबद्दल लिहिलं होतं. होक्काइदोच्या एका गृहस्थांनी नम्रपणे कळवलं होतं, की आपण जन्मभर बर्फ उपसत आलो आहोत, तेव्हा अनुभवाने सांगतो, हे फावडं लोखंडी नसून ॲल्युमिनियमचं आहे, आणि बर्फ ओला, म्हणजे मार्चमधला आहे. पुढच्या छपाईत दुरुस्ती व्हावी. इसोगाई हे वाचून चिडला. थाप आपली, फावडं आपलं, आणि त्यात धातू बदलणारा हा कोण?

सगळ्यात अवघड झालं ते घरात. काझुए त्या सगळ्या बँडवाल्यांना सरसकट 'रडकी पोरं' म्हणायची आणि नवऱ्याचे कागद तिने कधी अर्ध्यापुढे वाचले नव्हते. हा तिने दोनदा वाचला. मग इस्त्री करता करता चौथं गाणं लावलं, मधेच इस्त्री उभी करून ठेवली आणि नंतर नुसती बसून राहिली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं असलं काही ऐकत होतात आणि मला कधी सांगितलं नाहीत."  दुसऱ्या दिवशी तिने आईला फोन करून औषधाच्या खोक्याचे शब्द परत घेतले. आता कुठल्या तोंडाने सांगणार?

ऑक्टोबरात नॉर्थ पँट्रीवाले स्वतःच जपानला आले. शिबुयात कार्यक्रम ठरला. त्याच्या आदल्या दिवशी एका हॉटेलच्या खोलीत मुलाखती होत्या, प्रत्येक मासिकाला चाळीस मिनिटं, एकामागून एक. एका मासिकाने सहावी मुलाखत इसोगाईला दिली. आधीचे पाच जण फावड्याबद्दल विचारणार, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. गायकाने एकदा जरी 'कसलं फावडं?' म्हटलं आणि ते छापून आलं, की वीस वर्षांची पुण्याई बुडाली, चारशे कागद खोटे ठरले, आणि काझुए पुन्हा कधी इस्त्री उभी करून ऐकायला बसणार नाही. हे शेवटचंच त्याला जास्त बोचत होतं. स्टेशनजवळच्या देवळात त्याने नाणं टाकलं, घंटा वाजवली, आणि देवाकडे नेमकं काय मागायचं ते न सुचल्यामुळे तसाच निघाला.

तो हॉटेलात पोचला तेव्हा पाचवी मुलाखत संपत होती. आतून एक तरुण पत्रकार मुलगी बाहेर आली. तिचं नाक लाल झालेलं. इसोगाईला पाहताच ती कमरेत वाकली. आपणच फावड्याबद्दल पहिल्यांदा लिहिलंत, म्हणाली. गायक काय म्हणाला, असं त्याने घाबरत घाबरत विचारलं. खूप बोलले, असं सांगून ती डोळे पुसत लिफ्टकडे गेली. इसोगाईला काही उमगेना.

आत गायक डेल ऑस्टबी भाताचा त्रिकोणी गोळा खात बसला होता. प्लास्टिक चुकीच्या बाजूने ओढल्यामुळे समुद्रशेवाळाचा कागद सगळा त्याच्या स्वेटरवर पडला होता. शेजारी करड्या कोटातल्या दुभाषी होशिनाबाई, चेहरा शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. इसोगाईने तयार करून आणलेले बारा प्रश्न खिशातच ठेवले. तो टेबलावर कपाळ टेकेपर्यंत वाकला.

"फावड्याचं मी लिहिलं," तो म्हणाला. "गाणं ऐकलं नव्हतं. जागा भरायची होती."

होशिनाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. हे खरंच सांगू का, असं त्यांनी एकदा विचारून घेतलं आणि सांगितलं. डेलने हातातला भात खाली ठेवला. मग तो हसायला लागला आणि इतका हसला की होशिनाबाईंना पाणी ओतून द्यावं लागलं.

"पहिल्या बाईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, भाषांतरात काही चुकतंय," तो म्हणाला. होशिनाबाईंनी हे वाक्य ओठ आवळून सांगितलं. "दुसरा म्हणाला, ते ऐकून त्याने नऊ वर्षांनी बापाला फोन केला. आता त्याला मी काय सांगू, फावडं नाही म्हणून? तिसऱ्याला म्हटलं, हो, माझेच वडील."

"मग तुमचे वडील..."

"मी सहा वर्षांचा असताना घर सोडून गेले. आमच्याकडे बर्फ आई काढायची." डेल स्वेटरवरचे तुकडे एकेक करून वेचायला लागला. "पण चौथ्या माणसाला सांगेपर्यंत मला ते अंगण दिसायला लागलं. आत्ताच्या मुलीला तर मी त्यांच्या टोपीचा रंग सांगितला. तुम्ही आता ते परत मागायला आला असाल तर मी देणार नाही."

 हसावं की रडावं हे न कळून इसोगाईने वही उघडली आणि पत्रकाराला शोभेल असा एकच प्रश्न विचारला. "टोपी कुठल्या रंगाची?"

"हिरवी."

'हिरवी,' इसोगाईने लिहून घेतलं. उरलेली पस्तीस मिनिटं डेलने त्याला वडिलांबद्दल सांगितलं, म्हणजे असते तर कसे असते ते. मधे मधे इसोगाईही भर घालत होता. फावडं लोखंडी की ॲल्युमिनियमचं यावर दोघांचं बराच वेळ जमेना. शेवटी होशिनाबाईंनी, त्यांना कुणी विचारलेलं नसताना, आपण बर्फाळ निईगाताच्या असल्याचं सांगून लोखंडी असा निकाल दिला. इसोगाईला होक्काइदोच्या त्या गृहस्थांची जिरल्याचं समाधान मिळालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला शिबुयात कार्यक्रम सुरू झाला. काझुए आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी आली होती, तीही मुलीच्या शाळेच्या समारंभाला वापरायची तो निळा ड्रेस घालून. आठशे पोरंपोरी उभी होती. त्यांच्यात ही दोघंच अशी, की ज्यांचं वय पाहून लोकांनी वाट करून द्यावी. आधीची गाणी काझुएने कानांवर हात ठेवून ऐकली. मग दिवे मंद झाले, बाकीचे तिघे आत गेले आणि डेल एकटाच पियानोपाशी बसला. तो मोडक्या जपानीत एकच शब्द बोलला, "ओतोसान." बाबा.

आठशे माणसं गप्प झाली. आजूबाजूच्या मुलामुलींनी डोळे मिटले. मंचावर फावडं नव्हतं, बर्फ नव्हता आणि हिरव्या टोपीतलं तर कुणीच नव्हतं. दोन मिनिटं गेली. मग पुढच्या रांगेतून कुणाचा तरी हुंदका आला आणि काझुएने नवऱ्याची बाही घट्ट धरली.

"आलं बघा," ती म्हणाली.

इसोगाईने जिवाचे कान केले. पियानो होता, डेलचा आवाज होता, मागे कुणी तरी खोकलं, आणि छताजवळ पंख्याचं यंत्र घरघरत होतं. बाकी काही नव्हतं. त्याने तो कागद लिहिला होता, आणि ज्यांनी तो वाचला होता ते सगळे आता त्या अंगणात उभे होते. गायकसुद्धा. इसोगाईला इतका हेवा कधी कुणाचा वाटला नव्हता.

"कुठे?" त्याला राहवेना.

"एवढं छान लिहिता," काझुए कुजबुजली, "आणि ऐकायची वेळ आली की लक्ष भलतीकडे. डोळे मिटा आधी."

इसोगाईने आपली लोकरीची टोपी काढून हातात घेतली आणि डोळे मिटले.