रक्त नाही, असं मी म्हणालो

"हात दिसतोय रे तुझा. आत घे."

मी हात आत घेतला.

मेलेल्या काळविटाच्या मागे मी पालथा पडलो होतो. फोटोसाठी जनावराचं डोकं कुणीतरी वर धरावं लागतं. आधी रक्त पुसायचं, बाहेर आलेली जीभ तोंडात ढकलायची, डोळ्यांवरच्या माश्या हाकलायच्या. मग मागे झोपून मान उचलायची. शिंगं आभाळात उभी दिसली पाहिजेत. ती धरणारा दिसता कामा नये. ते माझं काम.

साहेब माझ्याही मागे, हातभर अंतरावर बसले. मागे बसलं की जनावर मोठं दिसतं. त्यांचा बूट माझ्या पाठीवर टेकला होता. त्यांनी तो काढला नाही, मीही सरकलो नाही. तोंडात माती जात होती.

साहेबांचा मुलगा निहार फोटो काढत होता. साहेबांनी त्याला विचारलं, मधे काही दिसतंय का.

"नो डॅड. यू कान्ट सी हिम ॲट ऑल."

फोटो झाल्यावर मी उठलो, कपडे झटकले आणि म्हणालो, "थँक्यू सर."

कशाबद्दल म्हणालो, अजून कळलेलं नाही. पण मी सगळ्यांनाच थँक्यू म्हणायचो. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला कुणी विमानात बसवतं, परदेशी नेतं, दोन वेळचं गरम जेवण आणि झोपायला कोरडी खोली देतं, तेव्हा थँक्यूशिवाय त्याच्याकडे द्यायला काय असतं?

आधी मी आफ्रिकेत होतो. एका ठेकेदाराने शिकारीच्या कॅम्पवर भांडी घासायला नेलं होतं. एकदा जखमी रानरेडा हरवला. तिथला म्हातारा माग काढणारा, एलियास त्याचं नाव, खाली बघत बघत पुढे गेला, आणि मी भांडी टाकून त्याच्या मागे गेलो. त्याच्या नजरेतून सुटलेलं एक उलटलेलं पान मी दाखवलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. त्या दिवसापासून मी त्याच्या हाताखाली. भाषा जुळत नव्हती, पण जमीन दोघांनाही वाचता येत होती. एलियासने मला एकच कायदा शिकवला. रक्त दिसलं की बोलायचं. साहेब रागावो, राजा रागावो. माग काढणारा खोटं बोलला की जनावर तीन दिवस मरत राहतं.

माझ्या बापाचाही कायदा तोच होता. जखमी जनावर मागे ठेवून निजायचं नाही. आम्ही फासेपारधी. फासात गाभण मादी आली तर सोडून द्यायची, जखमी केलेलं संपवायचं. हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही.

त्या कॅम्पवर टेक्सासचा एक रँचवाला यायचा. त्याने मला उचलून अमेरिकेत आणलं. त्याला मी बॉस म्हणतो. त्याच्या रँचवर आठ फुटी जाळीच्या आत आफ्रिका भरलेली आहे. झेब्रे, आणि कुडू, ऑरिक्स अशी लांब शिंगांची हरणं. आणि आपल्याकडचे काळवीट. ज्यांना आफ्रिकेपर्यंत जायला सवड नाही ते तीन दिवस इथे येतात, खाकी घालतात, सफारी करून जातात. मी माग काढतो, कातडी सोलतो, आणि फोटोत जनावराच्या मागे झोपतो. इथे राहायचा कागद, म्हणजे व्हिसा, वर्षावर्षाने वाढतो. बॉसने पत्र लिहिलं तर वाढतो.

साहेब आले तो आठवडा पत्राचा होता.

साहेब कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराचे. मोठी कंपनी, मूळचे पुण्याचे. जीपमध्ये बॅगा चढवताना माझ्या तोंडून "अगं आई" निघालं, तसे ते वळले. "अरे, तू मराठी?" आणि त्यांनी मला मिठीच मारली. फोनवरची आई सोडली तर चार वर्षांत मला कुणी मराठीत हाक मारली नव्हती. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी आडनाव विचारलं. आमची आडनावं मोठ्या घराण्यांसारखीच असतात. साहेब खूश झाले. म्हणाले, मग आपल्यातलाच की. गाव कुठलं, पाहुणे कुठले?

गप्प राहता आलं असतं. मी म्हणालो, "पारधी आहे साहेब. फासेपारधी."

त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. तो खाली आला. झटकला नाही. नुसता खाली आला.

"वा वा. म्हणजे खानदानी शिकारी," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. ए पारधी, पाणी दे. पारधी, बूट बघ जरा, चिखल लागलाय.

रँचच्या ओसरीवर एक फळा आहे. एका गोळीत जनावर पाडणाऱ्याचा फोटो आणि पितळी पाटी त्यावर लागते. हुकलेली गोळी मोजत नाहीत, पण जनावर जखमी करून सोडलं तर पाटी गेली. त्यासाठी फॉर्म असतो. खाली शिकाऱ्याची सही, बॉसची सही आणि माग काढणाऱ्याची सही. साहेबांना ती पाटी हवी होती. घरच्या दिवाणखान्यात भिंतीवर जागाही ठरली होती, असं ते वाटेत दोनदा म्हणाले.

पहिल्या सकाळी साहेबांनी गोळी झाडली. काळवीट उडाला नाही. पाठीला बाक काढून, पोट आत ओढून, आखूड पावलांनी झाडीत गेला. अशी चाल म्हणजे गोळी पोटात. मला बघता बघता कळलं. बॉस आणि निहार जीपपाशी थांबले आणि मला बघायला पाठवलं. साहेब माझ्या मागून आले.

रक्त होतं. पातळ, हिरवट, त्यात चघळलेलं गवत. दोन थेंब दगडावर, एक पानावर. मी बोट दाखवलं.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. मग बुटाने दगड पालथा केला आणि पानावर माती लोटली. हळू आवाजात, अगदी घरच्यासारखं म्हणाले, "काही नाही लागलेलं. हुकली गोळी. हे आपल्या आपल्यात. तुझं काय ते मी तुझ्या बॉसशी बोलतो."

लांबून बॉसने ओरडून विचारलं, "एनी ब्लड?"

मला पत्र आठवलं. खोली आठवली. आईला मी पाठवलेला फोन आठवला, रविवारी त्यात तिचं अर्धंच तोंड दिसतं.

"नो ब्लड, बॉस."

चार वर्षांनी मला माझी भाषा भेटली होती. ती याच कामाला वापरली गेली.

दुपारी साहेबांनी दुसरा काळवीट पाडला. हा खरंच एका गोळीत. त्याच्याच मागे मी झोपलो होतो, ते वर सांगितलंच. मान हातात धरली होती आणि मनात पहिला चालत होता, बाक काढून.

संध्याकाळी जेवणाला बॉसचे दोन शेजारी आले होते. मी मांसाची थाळी घेऊन गेलो. साहेबांनी माझं मनगट धरून मला टेबलापाशी उभं केलं आणि इंग्रजीत ओळख करून दिली. हा आमच्याकडच्या शिकारी जमातीतला. इंग्रजांनी यांना कायद्यातच लिहून ठेवलं होतं, जन्मजात गुन्हेगार. मग हसत म्हणाले, "सो जंटलमेन, वॉच युवर वॉचेस."

सगळे हसले. एका शेजाऱ्याने गमतीने घड्याळावर हात ठेवला. निहार म्हणाला, "डॅड, प्लीज." साहेब म्हणाले, अरे त्याला चालतं, आपलाच आहे तो.

मीही हसलो. हे लिहायला जड जातंय, पण लिहितो. सगळ्यांच्या आधी थांबलो नाही. सगळ्यांबरोबर हसलो.

आता बापाचं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

मी चौथीत होतो. आमच्या गावच्या एका बागायतदाराकडे शहरातून पाहुणे आले होते. त्यांनी जीपमधून काळवीट मारला. गोळीचा आवाज सगळ्या गावाने ऐकला. आमच्याकडे कसली बंदूक? आमच्याकडे फास. तरी सकाळी पोलीस आमच्याच पालावर आले. कातडं कुठून तरी आलं आणि आमच्या चुलीमागे सापडलं. बापाला मारत नेलं. पंचनाम्याला पंच लागतो. आमचे गुरुजी रस्त्याने शाळेत चालले होते. त्यांना बोलावलं आणि सही घेतली. कागदावर लिहिलं होतं, कातडं माझ्यासमक्ष आरोपीच्या घरात मिळून आलं. ते पालात वाकून आलेसुद्धा नव्हते. रस्त्यावर, सायकलच्या सीटवर कागद ठेवून सही केली. मी बघत होतो.

बाप दोन वर्षं आत होता. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. गुरुजींनी माझी हजेरी घेतली. मी 'हजर' म्हणालो नाही. दप्तर उचलून निघालो तो परत गेलो नाही. आई एकदा त्यांच्या दारात गेली होती, का सही केली विचारायला. गुरुजी म्हणाले, "बाई, मला कर म्हणाले, मी केली. मलाही नोकरी आहे."

बाप अजून आहे. आसपास कुठे चोरी झाली की आजही आधी त्याला उचलतात. एका सहीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळीच्या कोपऱ्यावर गिधाडं घिरट्या घालत होती. खाली उतरत नव्हती. म्हणजे जनावर जिवंत होतं.

मी चालत गेलो. माग काढायचीही गरज नव्हती. मेस्कीटच्या, म्हणजे बाभळीसारख्या एका काटेरी झाडाखाली तो बसला होता. पोटाखालची माती काळी झाली होती. मला बघून त्याने उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले, मागचे उठले नाहीत. आख्खा दिवस आणि आख्खी रात्र तो तसा होता. मी गरम जेवलो होतो. कोरड्या खोलीत निजलो होतो.

आमच्यात जनावराची माफी मागत नाहीत. काम लवकर करतात, तीच माफी. मी तीही उशिरा मागत होतो. सुरी फिरवली.

तिथेच बसलो. हाताला रक्त होतं. गुरुजींची सही आणि माझं 'नो ब्लड', यात फरक काय, शोधत होतो. सापडला नाही. त्यांना नोकरी होती, मला पत्र. मी इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या दिल्या, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी अगदी तसाच, सायकलच्या सीटवर सही करून मोकळा झालो होतो.

ओसरीवर आलो तेव्हा सगळे नाश्त्याला बसले होते. फॉर्म टेबलावर होता. साहेबांची सही झाली होती, बॉसची झाली होती. बॉसने पेन माझ्याकडे सरकवलं. सही मला येते. चौथीपर्यंत तेवढं शिकलो होतो.

मी पेन घेतलं नाही. हात तसेच रक्ताचे पुढे केले.

"ब्लड, बॉस. यस्टरडे ब्लड. आय लाइड."

 निहारने कप खाली ठेवला. साहेब हसले, मग हसायचे थांबले. मराठीत म्हणाले, "सही कर आणि नीघ. चोराची साक्ष कोण मानतो रे?"

 मीही मराठीतच म्हणालो.

"माझ्या बापावर दुसऱ्याची सही चालली, साहेब. माझ्यावर माझी साक्ष चालेल."

मग बॉसला मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. दगड कुठे पालथा आहे ते सांगितलं. बॉस उठला, माझ्याबरोबर आला. दगड उलटून बघितला, झाडाखालचं जनावर बघितलं, टोपी काढली, परत घातली. परत येऊन त्याने फॉर्म चार तुकडे करून कचऱ्यात टाकला. निहारने बापाला विचारलं, "डॅड, डिड यू नो?" साहेब बॅग भरायला आत गेले.

ते दुपारी गेले. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. आता मी दिसत होतो, म्हणून असेल.

संध्याकाळी बॉसने मला बोलावलं. तू चांगला ट्रॅकर आहेस, म्हणाला. मग जाळीकडे बघत म्हणाला, "बट आय कान्ट हॅव माय क्लायंट्स फीलिंग स्मॉल." पत्र लिहिणार नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. मोसम संपला की मी परत.

त्याचे उपकार आहेत. नाकारत नाही. त्याने मला खायला घातलं. पण ज्या उपकारासाठी जनावर रात्रभर मरायला सोडावं लागतं, तो मी फेडला. जास्तच फेडला.

अजून सहा आठवडे इथे आहे. परवा एकाने ऑरिक्स मारला. फोटोची वेळ झाली. मी एक मोठा दगड आणला, जनावराची हनुवटी त्यावर टेकवली आणि बाजूला उभा राहिलो. त्याने मला मागे झोपायची खूण केली. "नो सर," मी म्हणालो. फोटो निघाला. कडेला माझा अर्धा खांदा आला आहे. येऊ दे.

गुरुजी जिवंत आहेत, आईने फोनवर सांगितलं. निवृत्त झालेत, नवं घर बांधलंय, रोज सकाळी अंगणात पेपर वाचतात. गावी पोचलो की आधी पालावर जाणार नाही. त्यांच्या अंगणात जाणार. शिवी देणार नाही, हात उचलणार नाही. कोर्टातून काढलेली पंचनाम्याची नक्कल त्यांच्या पेपरवर ठेवणार आणि विचारणार.

गुरुजी, तुम्ही पाहिलं होतं का?

नव्हतं पाहिलं, हे त्यांनाही ठाऊक आहे, मलाही. त्यांना म्हणणार, मी माझी साक्ष फिरवली. आता तुमची फिरवा. त्यांनी तसं लिहून देईपर्यंत मी त्या अंगणातून उठणार नाही.