प्रशासक बसणार म्हणून विकलेले शेअर

आमचे धाकटे दीर एका साखर कारखान्याचे संचालक होते. एकदाच, तेही मुदत पुरी न होता. पण तेवढ्या भांडवलावर ते आजही जगातल्या कुठल्याही कंपनीवर बोलतात. शेवगावातल्या आमच्या घराच्या दारातच खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अक्कल वाटतात. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण पैशाचा विषय निघाला की, "वहिनी, तुमी ऱ्हाऊ द्या."

निवृत्त झाल्यावर मुलीने मोबाईलवर खातं उघडून दिलं आणि मिळालेल्या पैशातून मी एका बड्या अमेरिकन कंपनीचे शेअर घेतले. मला भिंगारमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा होता. स्वतःचा. ज्याच्या दारात कुणी खुर्ची टाकून बसणार नाही असा. मालकाशी बोलणी झाली होती. दिवाळीनंतर शेअर विकायचे आणि व्यवहार करायचा, एवढंच राहिलं होतं.

मग बातमी आली. या कंपनीने मक्तेदारी केली, दुसऱ्या कुणाला बाजारात उभंच राहू दिलं नाही, असं तिथल्या कोर्टाने ठरवलं. शिक्षा काय ते पुढे सांगणार होते. भाव घसरला. मुलीने लगेच कळवलं, "आई, विकू नकोस. निकाल सोप्या मराठीत लिहून पाठवलाय, तेवढा वाच." मी वाचणारच होते. पण दारात दीर होते.

"वहिनी, खेळ खलास! कोर्टात हरली न्हवं का कंपनी? मंग प्रशासक बसनार. आमच्या कारखान्यावर बसला हुता तवा बघितलं न्हाई का तुमी? बॉयलर गार आन् सभासद बोंबलत. आजच इका. उद्या कुत्रं इचारायचं न्हाई."

आता, आमच्या भागात हे कुणालाही पटेल. इथे कारखाना कोर्टकचेरीत अडकला की संचालक मंडळ बरखास्त, प्रशासक हजर, आणि शेअरचा उपयोग दिवाळीच्या स्वस्त साखरेपुरता, तीही मिळाली तर. मला तर डोळ्यांपुढे दिसायलाच लागलं, की अमेरिकेतल्या त्या काचेच्या इमारतीला आमच्या सहकार खात्याचा साहेब सील ठोकतोय. हसा, खुशाल हसा. मी त्याच संध्याकाळी सगळे शेअर विकले. आलेल्या पैशात फ्लॅट बसेना.

यथावकाश शिक्षा जाहीर झाली. कंपनीचे तुकडे नाहीत, प्रशासक तर नाहीच नाही. काही करार बदला, प्रतिस्पर्ध्यांना थोडी माहिती द्या, झालं! आणि भाव असा उसळला की बोलायची सोय नाही. दोषी ठरलेल्याला हार घालायची रीत फक्त आमच्या जिल्ह्यात आहे असं मी समजत होते. लबाडी सिद्ध झाली आणि भागधारक पेढे वाटतायत, शी! पण मी तरी कुठल्या तोंडाने नाक मुरडू? शेअर ठेवले असते तर पहिला पेढा मीच वाटला असता. पेढा हुकला म्हणून मला न्याय आठवला.

दिरांना विचारलं तर म्हणाले, "मी कुठं इका म्हनलो? मी आपलं इचार करा म्हनलो." त्यांनी स्वतः आयुष्यात पोस्टाच्या पुस्तकापलीकडे कशात पैसा घातलेला नाही.

मुलीने फोनवर एकच विचारलं, "मी पाठवलेलं वाचलं होतंस ना, आई?" मी हो म्हणाले. चक्क खोटं बोलले. 'आधी प्रश्न नीट वाचा' म्हणून पोरांच्या हातावर पट्ट्या मारणारी बाई मी! चार ओळी वाचायच्या सोडून एका बरखास्त संचालकाचं ऐकलं. का, तर तो पुरुष होता आणि मोठ्याने बोलत होता.

भिंगारचा फ्लॅट एका निवृत्त सुभेदाराने घेतला. मागच्या महिन्यात मुद्दाम त्या बाजूने जाऊन आले. गॅलरीत त्यांच्या चादरी वाळत होत्या.

परत आले तर दीर दारातच, सोबत त्यांचे दोघे चमचे. "कुठं गेल्ता, वहिनी?" मी म्हटलं, "फ्लॅट बघायला."

"जाऊ द्या वो. एका अर्थी बरंच झालं. तुमी तिकडं गेल्यावर आमच्या चहाचं कुनी बघायचं हुतं?"

तिघेही खदखदून हसले. मला त्या माणसाची किळस आली. खुर्ची ओलांडून मी आत गेले, पदर खोचला आणि चहाचं आधण ठेवलं. दिरांच्या कपात दोन चमचे साखर घातली, त्यांना लागते तेवढी.