गाडीखालचे दिवस

राज्यांची नवी वाटणी झाली त्या साली माझे मिस्टर औरंगाबादला गेले. ते महसूल खात्यात कारकून. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तशा मराठी कारकुनांच्या फायलीही तिकडे गेल्या आणि फायलींमागून माणसं. घर मिळालं की तुम्हाला न्यायला येतो, असं सांगून ते गेले. इकडे जुन्या राज्याच्या राजधानीत, हिमायतनगरच्या भाड्याच्या घरात मी आणि मामंजी उरलो. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलेलं.

अर्धं सामान बांधलेलं होतं. भांडी पोत्यात आणि दोन ताटं बाहेर. त्या दिवसांना सकाळ-संध्याकाळ अशी नीट नव्हतीच. सगळी एकच लांब, पिवळी दुपार होती, असं आता वाटतं. अंगणातल्या चिंचेची सावली सरकायची, तेवढीच काय ती हालचाल.

त्या सावलीत मामंजींची काळी मोटार उभी असायची. परभणीकडच्या शेतकऱ्याच्या घरातून ते पोरवयात पळून आले आणि सरकारी मोटारींच्या कारखान्यात मिस्त्री झाले. निवृत्त होताना मोडीत निघालेली ही विलायती गाडी त्यांनी घेतली आणि दोन वर्षं खपून चालती केली. पण आता तिच्या मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यातून तेल गळत होतं. चाकांना फिरवणारे दाते त्या गोळ्यात असतात. मामंजी त्याला ‘डिफ्रन्शल’ म्हणत. खालच्या फरशीवर रोज सकाळी एक काळा, दाट डाग पडलेला असायचा.

“एवढ्या लांब जायचं म्हणजे हे आधी पाहायला पाहिजे,” ते म्हणाले. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्यांचे हात वर्षभरापासून कापत होते. चहाची बशीही धरवत नसे.

“मी करू का?” मी विचारलं. का विचारलं, ते मला अजून सांगता येत नाही. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हते, आणि गाडीखाली शिरायचं म्हणत होते.

त्यांनी वाकून गाडीखाली पाहिलं. मग म्हणाले, “पदर खोचावा लागंल.”

पदर खोचून भागलं नाही. भिंतीपलीकडच्या शेजारीण खाला हे सगळं बघत होत्या. त्यांनी भिंतीवरून एक जुनी सलवार-कमीज फेकली. “साडी पहनके मोटर के नीचे कैसा घुसते जी? ये लेव.” मी ती घालून बाहेर आले तेव्हा मामंजींनी मान दुसरीकडे वळवली, आणि मग कामाचं बोलायला लागले. त्यानंतर आमच्यातली लाज कुठे गेली कोण जाणे.

मागची चाकं जॅकनं उचलून आसाखाली लाकडी ठोकळे लावले, पुढच्या चाकांना दगड. मी गोणपाटावर पाठ टेकून आत सरकले. ते बाहेर स्टुलावर बसायचे. मला फक्त त्यांची पावलं दिसायची आणि त्यांचा आवाज यायचा.

गाडीखाली एक वेगळंच जग होतं. उजेड चहूकडून सपाट आत येई, पाण्यातून यावा तसा. चिंचेची बारीक पानं वाऱ्याबरोबर घरंगळत येत आणि माझ्या केसांत अडकत. रस्त्यावरची टांग्याची टाप, फेरीवाल्याची हाक, सगळं जमिनीतून ऐकू यायचं, खूप दुरून आल्यासारखं. आणि वास. त्या जुन्या तेलाला उग्र, कुजट वास होता. तो माझ्या नखांत आठवडाभर राहिला आणि मला तो आवडायला लागला.

“खालचा बूच काढ. घमेलं धर. आता सगळं निथळू दे, घाई नको.”

तेल मधासारखं उतरत राहिलं. मग इंजिनाकडून त्या गोळ्यापर्यंत येणाऱ्या लांब दांड्याचे चार बोल्ट सोडवायचे होते. त्याआधी त्यांनी मला खडू दिला. “दोन्हीकडं खूण कर. जिथून काढलं तिथंच परत बसलं पाहिजे. नाहीतर गाडी हुंदके देत चालती.” गोळ्याच्या तोंडावर एक मोठा नट होता, त्याच्या जागेवरही खूण केली. नट निघता निघेना. दुसऱ्या दिवशी मी पाय लावून जोर केला तेव्हा तो असा सुटला, की माझं कोपर फरशीवर आपटलं. बाहेरून प्रश्न आला, “नट सुटला का कोपर?”

“दोन्ही,” मी म्हणाले. ते मोठ्यानं हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आतलं, तेल अडवणारं चामड्याचं सील वाळून चिरलं होतं. मी ते रुमालात गुंडाळून कोठीच्या बाजारात गेले. तिथल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात बसलेल्या म्हाताऱ्यानं ते बोटावर फिरवून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बरण्यांमागून तसंच एक काढून दिलं. मामंजींनी ते रात्रभर तेलात भिजत ठेवायला लावलं. मग मी ते बसवलं, सगळं खुणेवर आणलं, वरच्या भोकातून नवं तेल भरलं. ते काठावर येऊन टपकायला लागलं तेव्हा बूच लावला.

सकाळी आम्ही गाडी काढली. मामंजींनीच चालवली. गंमत म्हणजे सुकाणू धरलं की त्यांचे हात कापत नसत. हुसेनसागराच्या बांधावरून आम्ही हळू गेलो. तलावावर धुकं होतं, पलीकडचा किनारा दिसत नव्हता. आपण रस्त्यावर नसून पाण्यावरच चाललोय असं मला वाटलं. 

घरी येऊन तासाभरानं पाहिलं तर फरशीवर डाग. तेवढाच, तसाच.

मला रडू आलं. तरी मी पुन्हा आत सरकले. तेल किती उरलंय बघावं म्हणून वरचा बूच सैल केला, तर आतून ‘फुस्स’ करून हवा सुटली.

बाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. “थांब. काय वाजलं?”

“हवा आली, मामंजी.”

मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. “आसाच्या नळीवर हात फिरव. छोटी टोपी आसंल, तिला भोक आसंल.”

टोपी होती, पण भोक नव्हतं. वर्षानुवर्षांच्या चिखलानं ते बुजून गेलं होतं. गाडी चालली की आतलं तेल तापे, हवा फुगे, आणि वाट नसल्यामुळे ती तेलालाच सीलातून बाहेर रेटत असे. मी केसांतला आकडा काढून ते भोक मोकळं केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी मारून आलो. फरशी कोरडी.

मी आनंदानं बाहेर आले, तर मामंजी स्टुलावर मान खाली घालून बसलेले.

“पहिलं तेच बघायचं आसतं,” ते म्हणाले. “शिकाऊ होतो तेव्हापासून ठाऊक. इसरलो.”

“होतं असं.”

“नाही पोरी. मी इसरायलोय. परवा बाजारातून येताना गल्ली सापडंना. पानवाल्यानं आणून सोडलं.” मग म्हणाले, “मी औरंगाबादला येत नाही. इथं इसरलो तर कुणीतरी घरी आणून सोडतंय. तिथं मला कोण ओळखतंय?”

“मग गाडी कुणासाठी केली?”

“तुमच्यासाठी. वाटंत बिघडली तर माझ्या पोराला पाना धरता येत नाही. तुला येतंय आता.”

मी अंगणातच उभी राहिले, त्या परक्या कपड्यांत, हात कोपरापर्यंत काळे. मला एकदम कळलं, की मीही जाणार नाहीये. त्याच दुपारी मी मिस्टरांना पत्र लिहिलं. आतापर्यंत मी त्यांना खुशालीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. घर मिळालं तरी आम्ही येत नाही, असं लिहिलं आणि कारण लिहिलं.

उत्तर आलं नाही. ते स्वतःच आले, रागावून. पहिला दिवस रागातच गेला. दुसऱ्या दिवशी मामंजींनी त्यांना विचारलं, “तुमचं गाव कोणतं, साहेब?” मिस्टर उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा त्यांनी पोत्यातली भांडी काढून फळीवर लावायला घेतली.

मामंजी त्यानंतर तीन वर्षं जगले. मिस्टर महिन्याकाठी रेल्वेनं येत. आमची थोरली मुलगी तिथलीच. आजोबा आणि नात दिवसभर एकमेकांशी काहीतरी बोलत बसायचे. दोघांचंही आम्हाला फारसं कळत नसे. एकदा मिस्टरांनी तिला उचलून विचारलं, “येतेस का औरंगाबादला?” ती जेमतेम बोलायला लागलेली. तिनं मान डोलावली आणि ‘हो’ऐवजी साऱ्या मोहल्ल्याच्या सुरात म्हणाली, “हौ.”