वहीबाई विसरल्या

वर्तमानपत्राच्या कचेरीत दाराशी बसणाऱ्या बाईंना सगळे वहीबाई म्हणत. नाव-गाव वहीत लिहिल्याशिवाय त्या मंत्र्यालाही आत सोडत नसत. खरं तर त्यांना वहीची गरजच नव्हती, एकदा पाहिलेलं तोंड त्या जन्मात विसरत नसत. "मागच्या वर्षी माझ्या शर्टाचं कुठलं बटण तुटलं होतं, बाईंना विचारा!" संपादक थट्टा करायचे.

त्या शिस्तीनंच घात केला. सरकारी दवाखान्यात मुदत संपलेली औषधं देतात, ही बातमी सकाळी छापून आली आणि बाईंनी घाईघाईनं वही उघडली. बातमी देणारा तिथला कंपाउंडर मंगळवारी आला होता. नाव सांगायला कां-कूं करत होता बिचारा. त्यांनीच दटावून लिहून घेतलं होतं! आता वही पोलिसांच्या हाती लागली की त्याची नोकरी जाणार, वर तुरुंग.

बाई उठल्या, बसल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा उठल्या. शेवटी पान टर्रकन फाडलं, तुकडे संडासात टाकून वर बादलीभर पाणी ओतलं.

अकराला पोलीस अधिकारी आला. "मंगळवारचं पान कुठंय?"

"चहा सांडला, फाडलं."

"हरकत नाही. तुम्हाला सगळं तोंडपाठ असतं म्हणे. कोण कोण आलं होतं?"

"वय झालं हो साहेब. हल्ली काही लक्षात राहत नाही."

मग महिनाभर रोज चौकीवर बसणं आलं. "सांगून टाक ना एकदाचं!" नवरा वैतागायचा. "आठवलं की सांगते," बाई म्हणायच्या. कचेरीच्या दारात साध्या कपड्यातला हवालदार बसवला होता. त्याच्यादेखत बाई रोज संपादकांनाही नाव विचारायच्या. "बाई थकल्या आता," कुणीतरी हळहळलं, ते त्यांना फार लागलं.

एका दुपारी दारात तोच कंपाउंडर. डोळे भरलेले, हात जोडायच्या बेतात. हवालदार सावरून बसला. बाईंना त्या मूर्खाचा संताप आला, आणि मायाही दाटून आली.

"कोण आपण? पहिल्यांदाच येताय का?"

तो गडबडला. मग त्याच्या ध्यानात आलं. "छोटी जाहिरात द्यायची होती."

"ती खिडकी मागच्या गल्लीत. जा."

तो गेला. बाईंनी मान वर केली नाही.

"कोण होता हो तो?" हवालदारानं विचारलं.

"कोण?" बाई म्हणाल्या.