दोराचं वरचं टोक

दिग्विजयची नोकरी सुटेल अशी काळजी सत्यशीलाबाईंना नव्हती. त्याचं लग्न जमत नव्हतं, त्याचीही आता सवय झाली होती. हे पोरगं चारचौघांत खोटं पडणार, ही धास्ती मात्र काही केल्या जात नव्हती.

दिग्विजय हिंजवडीला टेस्टर होता. परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. पुण्यात जे लोक हौसेने करतात, त्याचा याला पगार मिळे. शनिवार-रविवार तीन मित्रांना घेऊन तो गिटार बडवी. दीड वर्ष बडवल्यावर पानशेतच्या पुरावर नऊ गाण्यांचा अल्बम तयार झाला. मुखपृष्ठावर येणार होतं, 'सत्य इतिहासावर आधारित'.

"इतिहास ओरडूनच सांगायला हवा का रे?"

"आई, हे रॉक आहे."

"असेल. शब्द कळले असते तर पूरही कळला असता."

काल त्याने छापायच्या गाण्यांचा कागद दाखवला, तेव्हा शब्दही कळले. सहाव्या गाण्यात त्याचे आजोबा, म्हणजे सत्यशीलाबाईंचे वडील हिंमतराव, माडीवरून लुगड्यांचा दोर सोडून अकरा जणांना वर ओढत होते.

पाण्याची उंची, धरण फुटल्याची वेळ, सगळं त्याने जुन्या वर्तमानपत्रांतून तीनतीनदा तपासलं होतं. आजोबांची गोष्ट तेवढी तपासली नव्हती. ती आईने सांगितलेली होती.

आईने ती तो सहा वर्षांचा असताना, भाजी संपावी म्हणून सांगितली होती. दुधीला चार माणसं वाचत, पडवळाला सात. कारल्याच्या दिवशी अकरा वाचल्याशिवाय घास उतरत नसे.

दोर खरा होता. तो शेजारच्या वेणूबाईंनी सोडला होता, स्वतःच्या तीन लुगड्यांना गाठी मारून. त्यांनी आधी सात वर्षांच्या सत्यशीलेला वर घेतलं, मग तिच्या वडिलांना. हिंमतरावांचे हात दोराला होतेच, फक्त खालच्या टोकाला.

आज सकाळी बूट घालता घालता दिग्विजय म्हणाला, "संध्याकाळी सीडी छापायला जातेय. प्रकाशनाला पूर पाहिलेली माणसं पहिल्या रांगेत बसवणार. कर्वेनगरच्या वेणूबाई पण येतायत. आजोबांना ओळखायच्या."

"काही म्हणाल्या का?"

"म्हणाल्या, वजनदार माणूस होता."

वेणूबाई काही बोलणार नाहीत, हे सत्यशीलाबाईंना ठाऊक होतं. पंचेचाळीस वर्षांत बोलल्या नव्हत्या. गाणं ऐकून टाळ्याही वाजवतील. बाकीची रांग मात्र पुण्याचीच होती, तिला चूक काढायला पगार लागणार नव्हता. आणि कुणी काढली नाही, तरी त्या टाळ्या बघवणार नव्हत्या.

एक वाजता त्याची जेवणाची सुट्टी. आज डब्यात कारलंच दिलं होतं. त्याने डबा उघडायच्या आत फोन करायचा, असं ठरवून त्यांनी गॅस बंद केला.