नकली हिरोईनचा कबुलीजबाब

खून, दरोडे, जंगलातली चोरटी तोड हे सगळं नोकरीत पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं विसरलोही. पण ज्या प्रकरणात कुणाला खरचटलंसुद्धा नाही आणि जे कोर्टापर्यंत गेलंच नाही, ते मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

साल सांगत नाही. राज्यांची फेररचना होऊन बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. मी तिथल्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच. दुकानं, पाळणे, मिठाई, आणि अंधार पडला की दंडार, म्हणजे रात्रभर चालणारा लोकनाट्याचा खेळ, नाहीतर नाटक. ज्या गावची मंडई मोठी, त्या गावची मान वर. त्या वर्षी राजेगावच्या रस्त्यावरच्या एका गावाने ठरवलं, दंडार नको, सिनेमाची हिरोईन आणायची. हे डोकं बालाघाटात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाचं. तो मूळचा त्याच गावचा. तो मुंबईला जाऊन आला, आणि भिंतीभिंतीवर पोस्टर लागले. पोस्टरवरचा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्या बाईंचे सिनेमे फिरत्या टॉकीजच्या तंबूत महिनाभर चालत.

मंडईच्या दिवशी संध्याकाळी गावचा कोतवाल सायकल दामटत ठाण्यात आला.

"साहेब, लवकर चला. लोक मंडप जाळाले निघाले. नकली हिरोईन आणली म्हणून राह्यले!"

जीप घेऊन पोहोचलो तेव्हा खुर्च्या उलथ्यापालथ्या झाल्या होत्या. भरवेलीच्या खाणीतले कामगार टोळ्यांनी सायकलींवर आले होते, ते सगळ्यांत पुढे. कोणी ओरडत होतं, "अरे, ये कौन है? हिरोईन की अम्मा?" दुसरा म्हणाला, "अम्मा नाही बे, आजी आणली!" हसण्याबरोबर एक चप्पल स्टेजवर आली. स्टेजच्या मधोमध एक जाडसर, सुजऱ्या चेहऱ्याची बाई जरीचं पातळ नेसून उभी होती. हात जोडलेले तसेच होते. ती पळत नव्हती, हे माझ्या लक्षात राहिलं. बाकी सगळे पळत होते.

मी त्या बाईला आणि सायकलवाल्याला जीपमध्ये घातलं. तेव्हा तो बंदोबस्त होता, अटक नव्हे. पण गावातले राईस मिलचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, आमच्या मागोमाग ठाण्यात आले. मंडईसाठी सगळ्यांत जास्त हातभार त्यांनी लावला होता, आणि पाहुणेमंडळींना खास पुढच्या रांगेत बसवलं होतं. त्यांनी लेखी फिर्याद दिली: सदर इसमाने खोटी बाई उभी करून गावाची फसवणूक केली. तोतयेगिरी कलम ४१९, फसवणूक कलम ४२०. दोघांना अटक दाखवावी लागली. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं भाग होतं. एकदा तिथे गेलं की सायकलवाल्याचं दुकान, इभ्रत, लहान पोरं, सगळं टांगणीला लागणार.

तेव्हा ठाण्यात महिला शिपाई नसे. बाईमाणूस ताब्यात आलं की हवालदाराच्या पत्नीला सोबत बसवायची आमची रीत होती. बाईंना तिच्याच क्वार्टरमध्ये ठेवलं. सायकलवाला लॉकअपमध्ये.

सकाळी आधी त्याला समोर घेतलं.

"खरं सांग. कोणाला आणलंस?"

"असली हाये साहेब. मी सोता मुंबईले गेलतो. तिच्या घरी बसून चहा पेलो."

"घरात तिचे फोटो होते?"

"एकही नोयता साहेब. भिंती कोऱ्या."

"मग ओळखलीस कशावरून?"

"आवाजावरून. दार उघडून 'कोण पाहिजे?' म्हणली, अन् माह्या अंगावर काटा आला. लोकाले ऐकू तं द्याचं होतं! तोंड उघडाच्या आंधीच बोंबलले."

तीस वर्षांत खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. खोटं बोलणारा तपशील वाढवतो. हा माणूस भिंती कोऱ्या होत्या, हे स्वतःच्या विरुद्ध जाणारं सांगत होता. त्याच्यावर माझा अर्धा विश्वास बसला. मग बाईंना बोलावलं.

त्या खुर्चीवर बसल्या. अंगाला सूज, डोळ्यांखाली काळे चट्टे, कपाळाच्या वर चार बोटं केसच नाहीत. मी नाव विचारलं, तर त्यांनी साधं मराठी नाव सांगितलं. गाव पुण्याकडचं.

"सिनेमातल्या त्या तुम्हीच का?"

"नाही." जराही न अडखळता म्हणाल्या. "मी तिची नक्कल करून पोट भरते. या माणसालाही मी फसवलं. लिहून घ्या, मी सही करते."

तपास अधिकाऱ्याला कबुलीजबाब मिळाला की पाठीवरचं ओझं उतरतं. माझंही उतरलं. मी बयान लिहून घेतलं आणि सायकलवाल्याला वाचून दाखवलं. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

"असं म्हणते ते बाई? ... काहून?" मग अगदी हळू, "मंग मी कोणाले आणलं साहेब?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात बसला. कारण हिशेब जमत नव्हता. तोतया म्हणून जो उभा राहतो, तो निदान लांबून तरी मूळ माणसासारखा दिसतो. नाहीतर त्याचा धंदा चालायचा कसा? या बाई पोस्टरवरच्या चेहऱ्यासारख्या तसूभरही दिसत नव्हत्या. आणि जिचा धंदाच नकलेचा आहे, ती चप्पल आल्यावर आधी पळते. नकलाकाराला कुठून निसटायचं ते ठाऊक असतं.

आरोपींचे फोटो काढायचे होते. बाजारातला फोटोवाला आपला कॅमेरा आणि मोठा दिवा घेऊन आला. सायकलवाल्याचा फोटो काढताना तो बिचारा दिव्याकडे डोळे फाडून बघत राहिला, तीनदा सांगावं लागलं. मग बाईंना स्टुलावर बसवलं. दिवा लागला. कोणी काही सांगायच्या आत त्यांनी स्टूल वीतभर मागे सरकवलं, डावा गाल उजेडाकडे केला आणि हनुवटी किंचित खाली घेतली. हे सगळं डोळे मिटून. गालाला दिव्याची ऊब जिथे हवी तिथे लागली, तेव्हा डोळे उघडले, नजर कॅमेऱ्याच्या थोडी वर.

माझ्या टेबलावर जप्त केलेलं पोस्टर होतं. मी ते हातात धरून बघितलं. मान, हनुवटी, नजर, सगळं जागच्या जागी होतं. फक्त चेहरा नव्हता.

फोटोवाल्याला मी जायला सांगितलं. पोस्टर त्यांच्यासमोर ठेवलं आणि काही विचारलं नाही. त्यांनी ते उलटं करून ठेवलं.

तेवढ्यात हवालदारीणबाई जेवण घेऊन आल्या. भाकर आणि वांग्याची भाजी. बाई भाकर भाजीच्या रश्श्यात बुडवून मऊ होण्याची वाट बघत बसल्या.

"काहून बाई, सकाळीबी चहात बुडवून खाल्ली. दात दुखते काय?"

"दाढा नाहीत."

"आत्ताच? माह्या सासूच्या तं अजून हायेत!"

बाई हसल्या. त्या हसण्यात मला पहिल्यांदा पोस्टरवरची दिसली, आणि लगेच गेली.

"किडल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षांची होते. गाल भरलेले दिसतात म्हणून काढायला लावल्या. दोन इकडच्या, दोन तिकडच्या. गाल बसले तेव्हा सगळे म्हणाले, आता कशी दिसते! मग कपाळ लहान म्हणून वरचे केस उपटायचे, दर आठवड्याला. पुढे ते उगवायचेच थांबले. मग बारीक राहायच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी छाती धडधडायला लागली, ती थांबवायला दुसऱ्या गोळ्या. त्यांनी ही सूज."

"अन् जेवत काय होत्या?"

"सेटवर दुपारी सगळे जेवायचे. मी खोलीत पडून असायची. कडी बाहेरून लावायचे, माझी आईच लावायची." त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला. "आता कोणी कडी लावत नाही."

हवालदारीणबाईंनी आणखी एक भाकर वाढली.

मी विचारलं, "मग खोटं का सांगितलंत? तुम्ही त्याच आहात म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं."

"ती पोरगी लोकांच्या डोक्यात अजून चांगली आहे, साहेब. तिने कोणाचं काय वाकडं केलंय? हे सायकलवाले म्हणाले, गावात लोक अजून तुमची आठवण काढतात. म्हणून आले. म्हटलं, लांबचं गाव आहे, बत्तीचा उजेड असेल. काल वर चढले, हात जोडले, आणि पहिल्या रांगेतल्या माणसांच्या डोळ्यांत पाहिलं. मला चप्पल लागली नाही. ते डोळे लागले. नकली म्हणून तुरुंगात गेले तर तिला धक्का लागत नाही. तुरुंगात आरसा तरी नसेल."

"आरसा नाही, पण ढेकनं लय हायेत," हवालदारीणबाई म्हणाल्या.

मी त्यांना कायदा समजावला. फिर्याद मुळात सायकलवाल्याविरुद्ध होती. त्याला मी फसवलं, असं त्यांनी कितीही सांगितलं तरी शेठ त्याला सोडणार नव्हते. उलट आपण नकली आहोत ही बाईंची कबुलीच फिर्याद खरी ठरवून त्याला अडकवणार होती. हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, सगळं आपल्यावर घेतलं की तो सुटेल.

"तो मला आवाजावरून ओळखून रडला होता," त्या म्हणाल्या. "दारातच." आणि पहिलं बयान चुकीचं असल्याचं त्यांनी सांगितलं.

मुंबईला बिनतारी संदेश पाठवून बाईंचं राहतं ठिकाण, खरं नाव आणि त्यांच्या मनगटावर दिसत होती ती भाजल्याची खूण पडताळून घेतली. दुपारनंतर उत्तर आलं. सगळं जुळत होतं. मी शेठना बोलावून घेतलं आणि सांगितलं, बाई असली आहेत.

शेठ बराच वेळ बाईंकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. तरुणपणी मिलच्या गल्ल्यावर याच बाईंचा फोटो लावला होता, असं त्यांनीच सांगितलं. मग माझ्याकडे वळले.

"कायद्यानं असन असली. पण साहेब, आमी बोलावलं तिले होतं. हिले नाही."

बाईच म्हणाल्या, "बरोबर आहे शेठ. मीही तिलाच घेऊन येणार होते. नाही आली."

शेठची मान खाली गेली. त्यांनी फिर्याद मागे घेतली, आणि गुन्हा झालाच नाही असं लिहून मी दोघांना मोकळं केलं. जाताना बाईंनी हात जोडून एकच मागितलं: गावात सांगू नका. नकलीच होती म्हणा. शेठ लगेच हो म्हणाले. त्यांना ते सोयीचंच होतं. मग बाईंनी सायकलवाल्याकडे पाहिलं. त्याच्यासाठी हे सोपं नव्हतं. बाई नकली ठरली की आणणारा लबाड ठरतो, आणि त्याला याच गावात जगायचं होतं. तो टोपी हातात चुरगाळत उभा राहिला.

"हौ," म्हणाला. "नकलीच होती."

त्या संध्याकाळी घरी गेलो तर थोरली मुलगी तोंडाला बेसन-हळद लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे यायचे होते. "धुऊन टाक ते," मी म्हणालो. "काहून? काय झालं?" बायकोने विचारलं. मी टोपी खुंटीला लावली, आणि मुलीने काही ते धुतलं नाही.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी पुन्हा बालाघाटला कामासाठी आलो, तेव्हा मुद्दाम सायकल दुकानापाशी थांबलो. एक पोरगा पंक्चर काढून घेत होता आणि दोस्ताला सांगत होता, "नकलीकडून काढून घेऊन राह्यलो, थांब जरा." सायकलवाल्याचं नावच पडलं होतं ते. तो हवा भरत राहिला. पोरं गेल्यावर त्याने आत नेलं. भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण होतं. बाई गेल्या होत्या. बातमी चार ओळींची, पण फोटो मोठा: डावा गाल उजेडाकडे, हनुवटी किंचित खाली.

"फोटो तिचाच छापला साहेब," तो समाधानाने म्हणाला. "ह्या बाईचा नाही छापला."

निवृत्तीनंतर हे लिहायचं ठरवलं तेव्हा त्याला जाऊन विचारलं. लिहा म्हणाला, पण नाव नको; तिचंही नको, माझंही नको. मी म्हटलं, अरे, नाव आलं तर तुझ्यावरचा डाग जाईल. तो म्हणाला, "अन् मंग तिच्यावर येईन ना."

या प्रकरणाने मला तपासाची एक गोष्ट शिकवली. माणूस शिक्षेला सगळ्यांत जास्त घाबरतो, असं आम्ही धरून चालतो. तसं नसतं. काहींना गुन्हेगार ठरणं परवडतं, पण आपण आता कसे दिसतो ते चारचौघांत कबूल करणं परवडत नाही. आणि त्या कबुलीचा भाव त्यांनी ठरवलेला नसतो. समोरच्या रांगेत बसलेल्या आपण सगळ्यांनी ठरवलेला असतो. त्यानंतर जितके दिवस नोकरी केली, तितके दिवस फार सहज मिळालेला कबुलीजबाब मी लगेच फायलीला लावला नाही. सही घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारत असे: खरं सांगितलं, तर तुमचं काय जाईल? उत्तराआधी कोणी खाली बघायचं, कोणी माझ्याकडे. खाली बघणाऱ्याला खरं परवडत नाही असं समजून त्याचं बयान मी बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून तपास सुरू करत असे.