शालोमच्या कपाळावरचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फादरांनाही नाही — ते रागावतील म्हणून नव्हे. शाबासकी देतील, या भीतीनं.

शालोम अंधेरीच्या चाळीत माझा शेजारी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी, अलिबागकडचा. मी रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्म शिकवायचो. ख्रिस्ताच्या रक्ताचा दोष यहुद्यांच्या पोराबाळांवरही आहे, असं मला शिकवलं होतं — मीही तेच शिकवत होतो. गुड फ्रायडेला आम्ही सगळ्यांसाठी गुडघे टेकायचो. यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेला मात्र उभेच. शालोमला ते ठाऊक होतं. एकदा हसून म्हणाला, "मास्तर, तुझा येशू जन्मायच्या आधीच आमच्या पूर्वजांची बोट इथं कोकणात, नवगावला फुटली ना! आम्ही मारली ती फक्त मासळी. तिचंही पाप माझ्याच डोक्यावर काय रे?"

मीही हसलो. पण बाप्तिस्मा न घेता मेला तर तो नरकात जाईल, ही भीती हसून जाते का?

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्याला विषमज्वर झाला. शेवटच्या दुपारी त्याची बायको एस्तेर भावाला आणायला गेली — मरणाऱ्यापाशी त्यांच्यात शेमाची प्रार्थना म्हणतात, त्यासाठी. उशाशी मी एकटा. आमच्यात, माणूस मरणाच्या दारात असला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी आणि चार शब्द पुरतात. मोठ्या माणसाची मात्र तशी इच्छा असावी लागते — हेही मीच मुलांना शिकवलं होतं. त्यानं कधी मागितलं होतं का? कधीच नाही.

मी तांब्यातलं पाणी त्याच्या कपाळावर तीनदा ओतलं. शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले. त्याला वाचवत होतो — की स्वतःची भीती घालवत होतो?

त्यानं डोळे उघडले. "काय करतोस रे?"

"ताप उतरवतोय."

"गार वाटतंय. अजून ओत ना."

मी ओतलं. त्यानंतर तो शुद्धीवर आला नाही. भाऊ आला, शेमा झाला, संध्याकाळी शालोम गेला.

पुढच्या वर्षी एस्तेर इस्रायलला निघाली. निरोप घ्यायला दारात आली, आणि जरा घुटमळून तिनं विचारलं, "भावजी, शेवटी तुम्हीच होतात. काही बोलले का हो ते?"

त्याचे शेवटचे शब्द माझ्यापाशी होते. ते सांगायचे, तर पाण्याचंही सांगावं लागलं असतं.

"नाही वहिनी," मी म्हणालो, "काहीच नाही."

तिनं मान हलवली आणि जिना उतरू लागली. मी तिला थांबवलं नाही.